दोन सिगारांचा पावसाळा

तंबाखूशी माझं वैर आहे, हे आमच्या वैशाखऱ्यात कुणालाही विचारा. नवऱ्याच्या खिशातली पुडी मी किती वेळा उकिरड्यावर फेकली असेल, त्याला गणती नाही. घरी आलेला पाव्हणा ओटीवर बसून चुना मळायला लागला की मी चहाचं आधण खाली उतरवून ठेवते. लोक म्हणतात, बाई तोंडाची फटकळ आहे. असू दे. माझ्या फटकळपणाला कारण आहे.

कारण माझी आई. माहेर माझं शहापूर तालुक्यातलं, शेणव्याचं. तिथं आई रोज सकाळी चुलीवर पत्रा ठेवून तंबाखू भाजायची. काळी झाली की चुरून मशेरी करायची आणि उंबऱ्यावर बसून बोटानं दातांना लावत राहायची. दात केव्हाच घासून व्हायचे, ती मात्र उठायची नाही. दुपारी कामाच्या मधे कच्च्या पानाचा तुकडा गालात धरायची. पुढं त्याच गालात फोड आला, तो चिघळला, शहापूरच्या डॉक्टरनं मुंबईला धाडलं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. शेवटच्या महिन्यात तिला धड बोलता येत नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर तिची कापडी चंची माझ्या हाताला लागली. आतली पानं अजून ओलसर होती. मी ती तशीच नेऊन नदीत भिरकावली आणि वर दोन शिव्या घातल्या.

तर अशा बाईनं एक आख्खा पावसाळा दोन सिगार जगवण्यात घालवला. हसा. माझा नवरा अजून हसतो.

गावाबाहेर, माळशेजकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून एक लहानसा बंगला आहे. तिथं एक काका एकटे राहतात. उभा जन्म मोठ्या बोटींवर इंजिनाचं काम केलेला माणूस. बायको गेली, मुलगी मुंबईला असते. त्यांचं झाडणं-पुसणं आणि दोन वेळचं जेवण माझ्याकडं आहे. त्यांच्या बैठकीत पुस्तकांच्या फळीवर एक तपकिरी लाकडी पेटी असायची, माझ्या दोन वितींएवढी. आत सिगार. मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं.

ती पेटी काकांनी आणि त्यांच्या एका दोस्तानं मिळून घेतली होती, तरुणपणी, कुठल्याशा लांबच्या बंदरावर. दोघं एकाच बोटीवर होते. दोस्त पुढं परदेशातच राहिला. जेव्हा भेट होईल तेव्हा दोघांनी एक-एक ओढायचा, एरवी हात लावायचा नाही, असं ठरलेलं. काही वेळा वर्षानं भेट व्हायची, काही वेळा पाच वर्षांनी. असं करत करत पेटीत दोनच उरले होते.

गेल्या ज्येष्ठात काकांच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईला ऑपरेशन ठरलं आणि नेमका त्याच आठवड्यात दोस्ताचा फोन आला की दसऱ्यानंतर येतोय, बहुतेक हे शेवटचंच, आता गुडघे विमानात बसू देत नाहीत. काकांनी मला बोलावलं. ऑपरेशनचं सोडून पेटीचं सांगायला लागले.

“हे बघ, सिगार म्हणजे पान आहे. फार सुकलं तर तडकतं, फार ओलं झालं तर बुरशी धरतं. म्हणून आत हा काटा.”

झाकणाच्या आतल्या अंगाला लोहचुंबकानं चिकटवलेली एक गोल तबकडी होती, लहान घड्याळाएवढी. हवेत ओलावा किती ते तिचा काटा दाखवायचा. पासष्ट ते सत्तरच्या मधे तो राहायला हवा. खाली गेला तर कोपऱ्यातल्या डबीतल्या स्पंजावर पाण्याचे थेंब टाकायचे. पाणी विहिरीचं नाही, नळाचं नाही, मुरबाडच्या बॅटरीवाल्याकडून आणलेलं. त्यात काहीच मिसळलेलं नसतं म्हणून बुरशी येत नाही म्हणे. काटा वर गेला तर स्पंज काढून ठेवायचा.

“आणि तबकडी पडली-बिडली तर काट्यावर विश्वास ठेवू नकोस,” काका म्हणाले. “बाटलीच्या बुचात मीठ घे, थेंबभर पाण्यानं ओलं कर, बूच आणि तबकडी एका बंद बरणीत दिवसभर ठेव. काटा पंचाहत्तरवर आला तर तो खरा. नाही आला तर जेवढा चुकतोय तेवढं धरून चालायचं.”

“काट्याला मीठ चाखवायचं? काका, तुमी पण ना!”

ते हसले नाहीत. पेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, “तो येईल तेव्हा मी असेन की नाही माहीत नाही. पण हे दोन असले पाहिजेत. कबूल?”

मी कबूल म्हटलं. तंबाखूसाठी मी आयुष्यात कुणाला दिलेला तो पहिला शब्द.

काका मुंबईला गेले. आमच्याकडचा पाऊस म्हणजे ढगच खाली येऊन अंगणात बसतो. खिडकी उघडी राहिली तर घरात शिरतो. दुपारी जेवणं झाली की मी बंगल्यावर जायची, पेटी टेबलावर घ्यायची, झाकण उघडायची. काटा बघायची. काम दोन मिनिटांचं, पण मी बसून राहायची. बाहेर सगळं पांढरं, डोंगर नाही, रस्ता नाही, एखादी गाडी दिवे लावून जायची आणि तिचा नुसता आवाज राहायचा. आणि पुढ्यात ही एवढीशी पेटी, तिचा आपला वेगळा ऋतू. मला वाटायचं, आपणही बोटीवर आहोत आणि बोट कुठं चालली ते कुणी सांगत नाही. डोळा लागायचा. जागी व्हायची तेव्हा चहाची वेळ टळून गेलेली असायची.

दुसऱ्या आठवड्यात झाकण पुसताना तबकडी सुटली आणि फरशीवर पडली. उचलून बघते तर काच शाबूत, काटा जागेवर. देवाला हात जोडले, परत चिकटवली आणि विषय संपवला. मिठाची आठवणसुद्धा झाली नाही. आता वाटतं, स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्यात.

त्यानंतर काटा चढायला लागला. बहात्तर. पंचाहत्तर. आषाढ सरता सरता ऐंशी. मी स्पंज काढून बाहेर ठेवला, तरी ऐंशीच. मला यात नवल वाटलं नाही. घरात चपलांना बुरशी, दाराची कडी ओली, पापड हातात घेतला तर चिंधी, मग पेटीत ओलावा का नसणार? मी काकांच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ऑपरेशन झालंय पण ताप उतरत नाही, बाबा अजून अतिदक्षता विभागात आहेत, काही निरोप द्यायचाय का?

“नाय,” मी म्हटलं, “पेटी बरी हाय म्हणून सांगा तेवढं.”

फोन ठेवला आणि मला कसंतरीच झालं. तिकडं माणूस तापानं फणफणलेला आणि इकडं त्याच्या शब्दाला बुरशी लागायची वेळ. मग मी केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल तेच. पावसाळ्यात आम्ही जे जे जपायचं ते चुलीवर ठेवतो. चुलीच्या वर बांबूचा एक लहान माळा टांगलेला असतो. काकडीचं बी, भोपळ्याचं बी, काडेपेट्या, मीठ, सुकट, बोंबील, सगळं तिथं. खालून धग लागते, चार महिने काही सादळत नाही. मी पेटी प्लास्टिकमधे गुंडाळून घरी आणली, प्लास्टिक काढलं आणि माळ्यावर ठेवली.

नवरा जेवत होता. म्हणाला, “तिथं सुकट हाय गो.”

“तुमी गप जेवा. तंबाखू खायचं तुमाला कळतं, ठेवायचं मला कळतं.”

तीन दिवसांत काटा सत्तरवर आला. आणखी दोन दिवसांनी पासष्ट. मी अशी फुशारले! येता-जाता पेटी खाली काढायची, काटा बघायची, परत ठेवायची. आत पुरतं बघितलंच नाही. सहाव्या दिवशी नवरा माझ्या मागं येऊन उभा राहिला, नाक फेंदारून म्हणाला, “काकांचा सिगार भाकरीबरोबर लागंल गो आता.”

मी पेटी तोंडाजवळ नेली. धूर, आणि त्यातून बोंबलाचा भपकारा. एक सिगार हळूच दोन बोटांत धरला तर वाळक्या पानासारखा कुरकुरला. त्याच्या वरच्या पानाला टोकापासून एक बारीक चीर गेली होती.

तबकडी पडल्याची आठवण तेव्हा झाली, आणि मिठाची. सकाळी बुचात मीठ ओलं केलं, लोणच्याची बरणी रिकामी करून, धुऊन, कोरडी करून त्यात बूच आणि तबकडी ठेवली, झाकण घट्ट लावलं. दिवसभर कामात लक्ष नाही. दिवेलागणीला बघितलं तर काटा पंच्याऐंशीवर.

पंचाहत्तर हवा होता. काटा दहानं पुढं पळत होता. म्हणजे ऐंशी दिसत होतं तेव्हा आत सत्तर होतं, काकांना हवं तेवढंच. आणि आता पासष्ट दिसत होतं तेव्हा खरं पंचावन्न. धडधाकट माणसाला मी औषध पाजून आजारी पाडलं होतं. मला रडू आलं. कुणासाठी, तर तंबाखूच्या दोन सुरळ्यांसाठी! नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच तो काही चेष्टा न करता बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पेटी परत बंगल्यावर नेली. पाणी ओतून चालणार नव्हतं, एकदम ओल लागली तर पान फुगून फुटतं असं काका बोलले होते. स्पंज हातात घेऊन मी बसले होते, बाहेर तोच पांढरा अंधार, आणि मला आईचा आवाज आला. डोळे मिटलेले होते का उघडे, ते मला सांगता यायचं नाही. मी लहान असताना मोठी शहाणी होऊन तिच्या तंबाखूच्या पानांवर ओलं फडकं टाकलं होतं, चुरा होऊ नये म्हणून. तिनं फडकं उचललं होतं आणि म्हणाली होती, “बाय गो, पाण्यात नाय ठेवायचं. पाण्याच्या जवळ ठेवायचं.” तिची चंची कायम पाण्याच्या मडक्याच्या अंगाला टांगलेली असायची. उन्हाळ्यातसुद्धा तिचं पान कधी चुरलं नाही, पावसात कधी कुजलं नाही. तिला काटा-बिटा लागत नव्हता. दोन बोटांत पान धरायची, हलकं दाबायची, कान द्यायची.

काकांच्या स्वयंपाकघरात कोपऱ्याला मातीचा माठ आहे. मी त्याच्या शेजारी स्टूल ठेवलं, त्यावर पेटी. पहिले दोन दिवस झाकण किलकिलं ठेवलं, धूर निघून जावा म्हणून. मग बंद केलं आणि स्पंजावर रोज दोन थेंब, फार तर तीन. काटा बघायचा, त्यातून दहा वजा करायचे, आणि मग सिगार दोन बोटांत धरून कान द्यायचा. पंधरा दिवस तो कुरकुरत राहिला.

त्या दुपारी कशा गेल्या, मला नीट आठवत नाहीत. श्रावण होता. ऊन यायचं, जायचं, भिंतीवर माठाच्या पाण्याची लखलख हलायची. पेटी मांडीवर घेऊन मी पेंगायची आणि आई मागच्या दारात येऊन बसायची. बोलायची नाही. गाल बरा असायचा तिचा. मी पान दाबून बघितलं की ती मान हलवायची, अजून नाय. मी तिला म्हणायची, तुझ्यापायी हे सगळं. ती तरी बसून राहायची.

भाद्रपदात एका दुपारी सिगार कुरकुरला नाही. बोटाखाली दबला आणि परत वर आला. काटा ऐंशीवर होता, म्हणजे सत्तर. चिरेचं काही करता आलं नाही, ती तशीच होती, पण बोंबलाचा वास गेला होता. धूर थोडा राहिला होता, आणि त्या धुराखालून ओल्या पानाचा वास वर आला. आईच्या पदराचा. मी झाकण धाडकन लावलं. “मेली, गेलीस तरी पिच्छा सोडत नाय,” असं मी मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या घरात. आणि परत उघडलं.

काका पितृपक्षात परत आले, निम्मे होऊन. आल्या आल्या पेटी मागितली. मी पुढ्यात ठेवली. त्यांनी सिगार नाकाखालून फिरवला, डोळे मिटले, म्हणाले, “बरोबर. शाब्बास.” एवढा धूर यांना कळला नाही? मी सुटले म्हणून खूश झाले. चीरही त्यांच्या लक्षात आली नव्हती, खोली अंधारी होती.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि गॅसवर दूध होतं. आत आले तर दूध उतू जाऊन, जळून काळं, घरभर करपट वास. आणि काका शेजारीच टेबलाशी पेपर वाचत बसलेले. मी ओरडले, “काका, वास नाय आला?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “वास येणं त्या आजारात गेलं,” म्हणाले. “कुणाला सांगू नकोस. त्याला तर नाहीच.”

मग मला राहवलं नाही. दोस्त यायला थोडेच दिवस होते, आणि त्याचं नाक तर शाबूत होतं. माझी चूक यांना त्याच्या तोंडून कळायला नको. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तबकडी पडली, ऐंशी, चूल, सुकट, चीर, मीठ, माठ. खोटा निरोप पाठवला तेसुद्धा. मला वाटलं आता दुसरं घर शोधायला सांगतात. ते उठले, पेटी घेऊन आले आणि माझ्यापुढं उघडून धरली.

“आता खरं सांग, वास कसा आहे?”

“थोडा चुलीचा धूर आहे, काका.”

“आणि?”

आता काय सांगू! मी जन्मभर ज्याला घाण म्हणत आले, त्याचं नाव मला तोंडातून काढवेना. शेवटी म्हटलं, “माझ्या आईचा वास आहे.”

काकांनी पेटी मिटली. “मग जिवंत आहेत,” म्हणाले, “चल, भात टाक.”

दोस्त दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आले, मोटारीतून, काठी टेकत. दोघं म्हातारे एकमेकांचे दंड धरून नुसते उभे राहिले. संध्याकाळी व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. समोर भाताची खाचरं पिवळी झाली होती. काकांनी पेटी उघडली आणि दोस्ताचा हात पोचायच्या आत चीर गेलेला सिगार स्वतः उचलला. तडकलेलं पान ओठाला लागू नये म्हणून चीर अंगठ्यानं दाबून धरली.

दोस्तांनी पेटवला. पहिला झुरका तोंडात धरला, डोळे मिटले, आणि सोडेचनात. मी दाराशी उभी, पदर मुठीत आवळलेला. काकांना काही कळत नव्हतं, ते नुसते दोस्ताच्या तोंडाकडं बघत होते.

“काय?” काकांनी विचारलं.

“थोडी चूल आहे रे यात.” ते परत थांबले. “पण तोच आहे. तोच.”

काकांनी मान फिरवून माझ्याकडं बघितलं, डोळे भरलेले. मग ते आपला सिगार ओढायला लागले, ज्याचा त्यांना काहीसुद्धा वास येत नव्हता. धूर दारापर्यंत येत होता. ओटीवरच्या पाव्हण्याला चहा न देणारी मी तिथंच उभी राहिले, शेवटपर्यंत. कधीतरी नवरा न्यायला आला आणि बघतच राहिला.

दोस्त परत गेल्यावर काकांनी रिकामी पेटी मला दिली. ती आता माझ्या घरी, पाण्याच्या माठाशेजारी असते. नवऱ्याची पुडी मी अजून उकिरड्यावर फेकते, त्यात खंड नाही. तो म्हणतो, रिकाम्या पेटीला पाणी कसलं पाजतेस गो? मी त्याला गप बसवते. लाकूड सुकलं की वास जातो, हे त्याला कुठं ठाऊक. दर सोमवारी स्पंजावर थेंब टाकते आणि काटा ऐंशीवर आणून ठेवते. चंची मी माझ्या हातानं नदीत टाकली, ती काही परत यायची नाही. एवढं उरलंय, ते मी सुकू देणार नाही.